उंबरदऱ्याचा खेकडा

दूधवाला सुनील आमच्या दारात इतर घरांपेक्षा जास्त वेळ थांबतो. त्याला आमचा लळा आहे म्हणून नव्हे. यज्ञेश्वर, म्हणजे माझे यजमान, दुधाचा थेंब नखावर घेतात, तो कसा ओघळतो ते बघतात, वास घेतात आणि मग "ठीक आहे" म्हणतात. ते 'ठीक आहे' अशा सुरात असतं की आजच्यापुरता आपण सुटलो असं त्या बिचाऱ्याला वाटावं. इतक्या वर्षांत दुधात पाणी एकदाही सापडलेलं नाही. यज्ञेश्वरांच्या मते याचा अर्थ इतकाच, की सुनील हुशार आहे.

माणूस वाईट नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायला बसले तर वेगळंच काही निघेल. कॉलेजात त्यांनी कुणाच्या मुलाचे मार्क वाढवले नाहीत, कुणाचे कमी केले नाहीत, कुणाच्या पुढंपुढं केलं नाही. पण संशय त्यांच्या रक्तातच आहे. पेट्रोल पंपावर ते गाडीतून उतरून आकड्यांसमोर जाऊन उभे राहतात. लग्नाच्या पंगतीत जिलबी साजूक तुपातली आहे असं कुणी म्हणालं, की जिलबी मोडून बोटं एकमेकांवर चोळून बघतात, आणि लग्नघरची माणसं समोर उभी असली तरी बघतात. आमची मनवा पुण्याला नोकरी करते. फोनवर तिचा आवाज बसलेला वाटला आणि ती "सर्दी झालीय, बाबा" म्हणाली, की हे मला बाजूला घेऊन विचारतात, "खरं काय ते तुला सांगितलंय का तिनं?"

मला बघायला आले तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "पोहे तुम्ही केलेत का?" मी म्हणाले, "नाही, वहिनीनं केलेत. माझे गिचका होतात." माझ्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. यज्ञेश्वरांनी चपला घालायच्या आधीच होकार दिला.

ते प्राणिशास्त्र शिकवतात आणि त्यांचा जीव खेकड्यांत अडकलेला आहे. समुद्रातल्या नाही; ओढ्यातल्या, विहिरीतल्या, भाताच्या खाचरातल्या. बेलापुरात आमचं घर 'खेकडेवाल्या सरांचं' म्हणून ओळखलं जातं आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका आमच्या फ्रीजमधलं पाणी नको म्हणतात. या कामात मात्र त्यांच्या स्वभावाचं सोनं झालं. कारण खेकडा ओळखायचा म्हणजे आधी त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. रंगावर जायचं नाही. तोच खेकडा चिखलात काळपट दिसतो आणि खडकावर तांबूस. आकारावर जायचं नाही. तो वयाप्रमाणं बदलतो. नर घ्यायचा, उताणा करायचा, पोटाखालची अरुंद झाकणी उचलायची आणि आत दडलेल्या काडीसारख्या अवयवाचं टोक सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. ते टोक सरळ आहे की वाकडं, बोथट आहे की निमुळतं, यावर जात ठरते. बाकी सगळं यज्ञेश्वरांच्या भाषेत 'ऐकीव'.

जात ठरली की ती कुठं कुठं राहते हे ठरवायचं. आपला नगर जिल्हा यासाठी मोठा गमतीचा आहे. पश्चिमेला अकोले, तिथं पाऊस थांबायचं नाव घेत नाही. पूर्वेला शेवगाव-पाथर्डी, तिथं ढगांकडं बघून मान दुखायची वेळ येते. तिकडचे खेकडे वेगळे, इकडचे वेगळे. यज्ञेश्वरांच्या खोलीत भिंतभर नकाशा आहे. त्यांनी स्वतः ज्या जागी खेकडा हातात घेतला तिथं शाईचा ठिपका, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं असेल तर पेन्सिलीचा. पेन्सिलीचे ठिपके ते अधूनमधून खोडतात आणि त्या दिवशी जेवण चांगलं जातं.

स्नेहल त्यांच्याकडं पीएच.डी.ला आली ती पाथर्डीच्या डोंगरातून. उंबरदरा हे तिचं गाव, पंधरा-वीस घरांचं. वडील गहिनीनाथ कोरडवाहू शेती करतात आणि टेम्पो चालवतात. पोरगी काटक. सलग तीन पावसाळे तिनं अकोल्याचे ओढे पालथे घातले. खेकड्यानं नांगीत बोट धरलं तर ती आधी खेकडा डब्यात टाकायची आणि मग बोट बघायची. यज्ञेश्वर तिच्यावर खूश होते, म्हणजे त्यांच्या मानानं. "बरी आहे," असं ते एकदा जेवताना म्हणाले आणि मी चमकून वर बघितलं, कारण मनवाबद्दलही ते इतकं बोलत नाहीत.

गेल्या श्रावणात ती एक बाटली घेऊन आमच्याकडं आली. दारातूनच म्हणाली, "सर, आधी बघा, मग सांगते कुठला आहे ते." यज्ञेश्वरांनी बघितला. अकोल्याच्या पार टोकाला, जिथं धुकं दुपारीसुद्धा उठत नाही, तिथल्या ओढ्यांत एक खेकडा राहतो. त्याचं लॅटिन नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून मी त्याला 'अकोल्याचा तांबडा' म्हणते. रंगावरून नाव ठेवलं म्हणून यज्ञेश्वरांना ते खपत नाही. बाटलीतला तोच होता. झाकणीखालचं टोक तेच, वळण तेच.

"उंबरदऱ्याचा आहे, सर," स्नेहल म्हणाली. "आमच्या घरामागच्या झऱ्यातला. पुष्कळ आहेत तिथं, लहानमोठे. लहानपणी मी तिथं कधी नीट बघितलंच नव्हतं."

तिचा आनंद तिच्या चेहऱ्यात मावत नव्हता. हा खेकडा माशासारखी अंडी पाण्यात सोडून देत नाही. पिल्लं आईच्या पोटाशी चिकटून वाढतात, त्यामुळं प्रवाहाबरोबर वाहत कुठच्या कुठं जायचा त्यांचा स्वभाव नाही. डोंगरावर कालवाही पोचत नाही. मग अर्धा जिल्हा ओलांडून तो पाथर्डीच्या डोंगरात कसा? स्नेहलचं म्हणणं, फार पूर्वी हे डोंगरही ओले असतील. ते सुकत गेले आणि हे झऱ्याच्या आसऱ्यानं मागं राहिले. ती हे सांगताना मला सुद्धा त्या खेकड्यांबद्दल माया वाटली. यज्ञेश्वर "बघू" म्हणाले आणि बाटली कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

कुलूप बघून मी समजले. जेवताना ते म्हणालेच, "नीलांबरी, तो खेकडा उंबरदऱ्याचा नाही."

"मग?"

"अकोल्याचा. तिनंच नेऊन सोडला असणार. तीन वर्षं ती तिथून जिवंत खेकडे बादलीत घालून आणतेय. प्रबंधात काहीतरी नवं हवं होतं. आणि सापडलं कुठं? तिच्याच गावात, तिच्याच घरामागं. इतका सोयीचा खेकडा मी जन्मात बघितला नाही."

"अहो, सापडतं एखाद्याला."

"आणि ते टोक? इतका काळ वेगळी राहिलेली मंडळी थोडीतरी वेगळी दिसायला नकोत? ही तर जुळी भावंडं आहेत."

हे मला नाकारता येईना. म्हणून मी विचारलं, "आणि समजा तसं निघालं, तर?"

"तर तिचं काम बंद. विद्यापीठाला कळवायचं. जी मुलगी एक खेकडा उचलून दुसरीकडं ठेवते, तिचा बाकीचा एकही ठिपका खरा धरता येत नाही." त्यांनी ताक संपवलं. "तिला यातलं काही कळता कामा नये."

मी चिडले. तीन वर्षं ओढ्यात उभं राहिलेल्या पोरीचं सगळं आयुष्य हा माणूस एका ताकाच्या वाटीबरोबर गिळून मोकळा झाला होता. पण संशयाची गंमत अशी, की तो घरात एकानं आणला तरी सगळ्यांना पुरतो. पुढच्या वेळी स्नेहल आली तेव्हा तिनं दारात काढलेल्या चपलांकडं मी नीट बघितलं. त्यांना लागलेली माती तांबडी आहे की काळी, हे मी कशासाठी बघत होते, देव जाणे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. स्नेहलचा त्या दिवशी नगरला कसलासा कार्यक्रम होता, अशी माहिती यज्ञेश्वरांनी काढली होती. गाडी मी चालवते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा रस्त्यावर विश्वास राहिलेला नाही. सोनई, घोडेगाव, मिरी करत तिसगावच्या पुढं आलो तसे उसाचे पट्टे संपले आणि तूर, कपाशी, उघडे डोंगर सुरू झाले. उंबरदऱ्याच्या फाट्यावर एक किराणा-चहाचं दुकान होतं. "थांब," यज्ञेश्वर म्हणाले. "घरी जायच्या आधी बाहेरून कळलेलं बरं."

दुकानदाराचं नाव छगन. यज्ञेश्वरांनी चहा सांगितला आणि सरळ विषयाला हात घातला. "गहिनीनाथांची स्नेहल तुमच्या ओळखीची आहे का?"

छगननं गाळणी खाली ठेवली. आधी आमच्या गाडीकडं बघितलं, मग माझ्या साडीकडं, मग यज्ञेश्वरांच्या चष्म्याकडं. "हाय की. का बरं?"

"जरा चौकशी करायची होती. मुलगी कशी आहे?"

"सोनं हाय."

"गावी येताना बरोबर काही आणते का? डबे, बादल्या?"

"बादल्या?" छगन सावध झाला. "न्हाई बा. लई साधी पोर हाय. एक पिशवी घिऊन येती अन् एक पिशवी घिऊन जाती. तुमाला कोनी काय सांगितलं का?"

"कुणी काही सांगितलेलं नाही. अंधार पडल्यावर घरामागच्या झऱ्याकडं जाते का कधी?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. छगनचा चेहरा तांबडालाल झाला. "सायेब, ती पोर झऱ्याकडं जातबी न्हाई. झरा कुठं हाय त्ये तिला ठावंच न्हाई."

यज्ञेश्वर विजयी मुद्रेनं गाडीत बसले. "ऐकलंस? घरामागचा झरा तिला माहीत नाही म्हणे. हा माणूस काहीतरी लपवतोय."

"तो काही लपवत नाही," मी म्हणाले. "चारचाकीतून नवराबायको येतात, मुलीचं नाव घेतात, कशी आहे विचारतात. त्याला वाटलं आपण सोयरिकीच्या चौकशीला आलोय. तो बिचारा गावच्या लेकीचं नाव सांभाळतोय."

"भलतंच," यज्ञेश्वर म्हणाले. आरशात मला छगन दिसत होता. तो रस्त्याच्या मधोमध येऊन आमच्या गाडीचा नंबर वाचत होता आणि त्याच्या कानाला मोबाईल होता.

गहिनीनाथांचं घर वस्तीच्या शेवटाला. गहिनीनाथ टेम्पो घेऊन बाहेरगावी, स्नेहलची आई रानात. घरात एकट्या छबूबाई, स्नेहलची आजी. बारीक अंगाच्या, डोळे मात्र असे की आपल्या पर्समध्ये काय आहे ते त्यांना बाहेरून दिसत असावं. त्यांनी पाणी दिलं, सतरंजी टाकली आणि समोर बसून विचारलं, "मधले म्हनून आलात व्हय?"

"मधले?" यज्ञेश्वर म्हणाले.

"मंग पावनी मानसं कुठली म्हनायची? मुलगा काय करतो?"

"आम्ही बेलापूरहून आलोय. सहजच. तुमचा झरा जरा बघायचा होता."

छबूबाईंनी मान डोलावली. सहज आलोय म्हणणारी माणसं त्यांनी आयुष्यात बरीच बघितली असावीत. "बगा की. बारमाही हाय. पान्याची अडचन न्हाई या घरात. उन्हाळ्यातबी दोन हंडे भरत्यात."

यज्ञेश्वर पिशवीतला डबा घेऊन मागं गेले. मी चुलीपाशी जाऊन बसले. खरं सांगून टाकावं असं फार वाटत होतं. पण 'तुमची नात लबाड आहे की नाही ते बघायला आलोय' हे भाकरी थापणाऱ्या बाईला कसं सांगायचं? मी नुसती हं हं करत राहिले आणि त्या घराची पत मला पटवून देत राहिल्या. पोरीला सैपाक येतो. पोर कुनाला उलटून बोलत न्हाई. आमच्या घरात दारू न्हाई, भांडन न्हाई.

बोलणं वळवावं म्हणून मी म्हणाले, "झऱ्यात खेकडे पुष्कळ आहेत म्हणतात."

"हायेत. पयले नव्हते," छबूबाई म्हणाल्या. "त्ये माज्यामुळं हायेत."

"तुमच्यामुळं?" मी विचारलं.

"स्नेहल नगरला हॉस्टेलात गेली, त्या साली मला लई खोकला झाल्ता. गहिनीनाथ टेम्पोत कांदा भरून तिकडं अकोल्याच्या वर, राजूरला गेल्ता. तिकडच्या बाया बाजारात जित्ती खेकडी इकत्यात. कुनी तरी त्याला सांगितलं, म्हातारीला रस्सा पाज, छाती मोकळी हुईल. आनली त्यानं बादलीभर. म्या पानी ठिवलं चुलीवर अन् एकेक काढाया लागले. तर एकीच्या पोटाशी ही बारकी बारकी पिल्लं! मोहरीच्या दान्यावानी, अन् समदी वळवळत्यात. लेकुरवाळी हुती ओ." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "लेकुरवाळीला कोन मारंल? भगुन्यात घातली, झऱ्यावर गेले अन् दिली सोडून. बाकीच्यांचा रस्सा केला."

"आणि खोकला?"

"त्यो काय गेला न्हाई." त्या हसल्या. मग माझ्याकडं वाकून म्हणाल्या, "असं घर हाय हे. सांगा तुमच्या त्या मंडळींना."

मला एकदम मोकळं वाटलं. खेकडा बाहेरून आणलेला होता आणि पोरगी निर्दोष होती, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. तो आनंद एक भाकरी होईपर्यंत टिकला. मग ध्यानात आलं, की स्नेहलचा शोध गेला. ओले डोंगर, मागं राहिलेले खेकडे, सगळं गेलं. उरली एक म्हातारी आणि तिचं भगुनं. आणि त्यामागून आणखी एक गोष्ट मनात आली, ती मला नको होती. आपल्याच घरातली ही गोष्ट स्नेहलला खरंच माहीत नसेल?

बाहेर स्कूटी थांबली. हेल्मेट काढत स्नेहल दारात आली आणि मला बघून जागीच उभी राहिली. "काकू? तुम्ही?" ती नगरला गेलीच नव्हती, कार्यक्रम पुढं ढकलला होता म्हणून शेवगावला मैत्रिणीकडं होती. "छगनकाकांचा फोन आला. कुणीतरी येऊन माझ्याबद्दल काहीबाही विचारतंय म्हणाले. बादल्या, झरा..." ती थांबली. "सर कुठं आहेत?"

"झऱ्यावर."

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला सगळं समजलं. चोरी न करता चोरीचा आळ आलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मी शाळेत नोकरी केली तेव्हा बघितलेलं आहे, पण तो इतक्या जवळून बघायची वेळ आली नव्हती.

मी तिला छबूबाईंची गोष्ट सांगितली. यज्ञेश्वरांच्या आधी तिलाच सांगितली, आणि सांगताना तिचे डोळे बघत राहिले. ती आजीकडं वळली. "आजी, खरं हाय का हे?"

"व्हय की."

"मला कधी बोलली न्हाईस."

"त्यात काय बोलायचं? येक खेकडी तर सोडली."

स्नेहल उंबऱ्यावर बसली. तिनं दोन्ही हात चेहऱ्यावर फिरवले. ही गोष्ट आजीला, मला आणि तिला, आम्हा तिघींनाच माहीत होती. "काकू, सरांना एवढं सांगू नका," असं ती म्हणाली असती तर मी काय केलं असतं, मला आजही सांगता येत नाही. पण ती उठली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "चला काकू. सरांना सांगायला हवं."

झरा घरामागच्या घळीत आहे. खडकाच्या फटीतून पाणी येतं आणि खाली उंबराच्या मुळांशी डबकं होतं. यज्ञेश्वर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दगडावर बसले होते. डाव्या हातात उताणा खेकडा, उजव्या हातात भिंग. स्नेहलला बघून ते दचकले, पण खेकडा सोडला नाही.

तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. राजूरचा बाजार, बादली, पिल्लांची मादी, आजीनं सोडली ती जागा. एका मादीची पिल्लं झऱ्यात वाढली असतील, म्हणूनच यांच्यात आणि अकोल्याच्या खेकड्यांत फरक दिसत नाही, हेही तिनंच सांगितलं. तिचा आवाज कुठं हलला नाही. "माझा अंदाज चुकला, सर. हे इथले नाहीत."

यज्ञेश्वरांनी खेकडा डब्यात ठेवला, झाकण लावलं, चष्मा पुसला. मला वाटलं, आता हा माणूस तिच्या पाठीवर हात ठेवेल.

"हे तुला आधीपासून माहीत होतं," ते म्हणाले.

"नाही, सर."

"तुझ्याच घरातली गोष्ट आहे."

"मला आत्ता कळलं. काकूंनी सांगितलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तुला आजींनी. पण आजींना असं सांगायला कुणी शिकवलं असेल, हा प्रश्न उरतोच."

स्नेहलनं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि ती वळून घळ चढून गेली.

परतीच्या वाटेवर मी बोलले. लग्न झाल्यापासून जे मनात साठलं होतं त्यातलंही थोडं बोलले असेन. "अहो, तुमच्या हातात संशयाशिवाय काय होतं? पुरावा तिनं आणून दिला, तोही स्वतःच्या विरुद्ध. तीन वर्षांत तिला मिळालेली एकच मोठी गोष्ट तिनं स्वतःच्या तोंडानं खोडली आणि तुम्ही तिलाच विचारता, तुला कधीपासून माहीत? विचारताही नाही, ठरवूनच टाकता! ती म्हातारी तुम्हाला शिकवून ठेवलेली साक्षीदार वाटली? तिला तर आपण कोण आहोत हेसुद्धा माहीत नव्हतं."

यज्ञेश्वर समोर बघत होते. डबा त्यांच्या मांडीवर होता आणि आत खेकडा खरवडत होता. मिरी गेलं. घोडेगाव गेलं. सोनईचा ऊस दिसायला लागला, कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे आले आणि मला गाडी थांबवावी लागली.

"खेकडा सापडल्यावर ती किती आनंदात होती," ते म्हणाले.

"हो."

"तो आनंद खोटा नव्हता. खोटं बोलणारा माणूस इतका बेसावध नसतो." ट्रॅक्टर निघून गेले. मग म्हणाले, "गाडी वळव."

आम्ही पुन्हा उंबरदऱ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. छबूबाई अंगणात सूप घेऊन शेंगा निवडत होत्या. त्यांनी आम्हाला बघितलं आणि पदर सावरून उठल्या. बहुतेक होकार घेऊन आलोय असं त्यांना वाटलं असावं.

यज्ञेश्वरांनी हात जोडले. कुणापुढं हात जोडलेले मी त्यांना देवळाबाहेर कधी बघितलेलं नाही. "आजी, आम्ही सोयरीक घेऊन आलो नव्हतो. मी स्नेहलचा सर. तिनं बाहेरून खेकडा आणून तुमच्या झऱ्यात सोडला आणि तो इथलाच म्हणून मला दाखवला, असा मी तिच्यावर संशय घेतला. म्हणून तिला न सांगता चौकशीला आलो. माझं चुकलं."

छबूबाईंना हे सगळं समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्या ताठ झाल्या. "खेकडी म्या सोडली," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं त्ये मला बोला. पोरीला कशापायी?"

आवाज ऐकून स्नेहल बाहेर आली. डोळे सुजलेले होते, पण कोरडे.

"काम थांबणार नाही," यज्ञेश्वर घाईघाईनं म्हणाले. "नोंदही छापायला जाईल, तुझ्या नावानं. माणसानं सोडलेल्या एका मादीपासून इतकी वर्षं कोरड्या मुलखात वंश टिकला, हेही कुणी लिहिलेलं नाही. सगळं जाईल."

"हो, सर," ती म्हणाली. "ते तुम्ही कराल याची मला खात्री होती. कामावर तुम्ही कधी अन्याय केला नाहीत."

तिनं आजीच्या हातातलं सूप घेतलं आणि खाली ठेवलं.

"तुम्ही फाट्यावर छगनकाकांना विचारलंत. माझ्या घरी आलात. झऱ्यातला खेकडासुद्धा उताणा करून बघितलात. मला नाही विचारलंत, सर. श्रावणापासून आठवड्यातून दोनदा तुमच्यासमोर बसत होते. एकदाही नाही विचारलंत."

यज्ञेश्वर एक पाऊल पुढं आले. "आता विचारलं तर चालेल?"

"आता तुम्हाला उत्तर माहीत आहे," स्नेहल म्हणाली.